डोकं चालतं ठेवायचं

चालू दे गं माय, चालू दे, मी काय तुझा मोबाईल हिसकून घ्यायले का — मी आपली बघायले. लाल गोळीला लाल गोळी लावायची, फुटली की वरून दुसरी पडती, एवढंच हाय ना? — काय म्हणलीस? डोकं तेज राहतंय? ह्येनं? बघ, तू बी तेच. सालभर झालं, आमच्या घरात ह्याच एका गोष्टीनं उच्छाद मांडलाय — डोकं तेज ठेवा, डोकं चालतं ठेवा — डोकं म्हंजे काय विळा हाय का, रोज घासायला? हस, हस. गाडी लेट हाय, अजून बिदरहून सुटलीच न्हाई म्हणायलेत, तवर हसलीस तर तेवढंच बरं. तू कुठं, लातूरलाच? कॉलेजात शिकवतीस? मंग तर तुला सांगायलाच पाहिजे. आम्ही बी लातूरलाच. डॉक्टरकडं. तसं घाबरू नको, डोक्याचा डॉक्टर हाय, म्हंजे येड्यांचा न्हाई — विसरणाऱ्यांचा. तारीख माझी न्हाई बरं, मालकाची हाय. मी आपली संगं.

मालक म्हंजे माझे मालक, आमच्या सोमेशचे अप्पा. आत्ता इथनं उठून चहा आणायला गेले न्हाई का, पांढरा सदरा, कपाळाला विभूती — हां, तेच. सगळा जन्म गेला मोंढ्यात, आडतीचं दुकान होतं. सकाळी पूजा झाली की जे जायचे ते दिवेलागणीला यायचे, अन् आल्यावर बी तोंडात तुरीचा भाव. घरात बायको हाय का वाळायला घातलेली डाळ हाय, तेंना फरक न्हाई. वय झालं, दुकान पुतण्याच्या गळ्यात घालून घरी बसले, तरी मोंढ्याकडं तोंड करून बसायचे. असा माणूस एक दिवस मला म्हणतो — गुरम्मा, ये, पत्ते खेळू. मी म्हणलं, ताप आलाय का? खरंच हात लावून बघितला गं कपाळाला.

सांगते ना, पहिल्यापासून सांगते. मागल्या लग्नसराईत आम्ही लातूरला गेलो होतो, भाचीच्या लग्नाचं कापड घ्यायला, गंजगोलाईत. मालक बसले कापडाच्या दुकानात घासाघीस करत. मी म्हणलं, मी तवर बांगड्या बघून येते. गेले, घेतल्या, अन् परत निघाले तर — आता तूच सांग, तू तर रोज जातीस तिथं — गोलच बाजार हाय तो, चहूकडनं रस्ते फुटलेत, सगळे सारखे. माणूस चुकणारच की. चुकले. मालक हुडकत आले तव्हा मी बांगडीवाल्याच्या पायरीवर बसले होते, त्या भल्या माणसानं मला पाणी दिलं होतं. एवढंच. ह्यात गाजावाजा करण्यासारखं काय हाय? पण मालक मला घेऊन थेट गाडीत बसले. अन् कापड? कापड तिथंच सोडून आले. मोंढ्याचा माणूस, भाव ठरलेला माल सोडून येतो — तेच माझ्या मनाला लागलं.

मंग थोड्या दिसांनी म्हणले, गुरम्मा, माझंच डोकं हल्ली मंद झालंय, लातूरला एक डॉक्टर हाय म्हणे, तू संगं चल, मला एकट्याला भ्या वाटतंय. चल म्हणलं. डॉक्टर पोरगाच हाय गं, आमच्या सोमेशएवढा. मालकाला विचारलं ते विचारलं, मला बी विचारायला लागला. आलाच आहात तर तुमचं बी बघू, म्हणे. जनावरांची नावं सांगा — मी म्हशीपासून सुरू केलं ते मुंगसापर्यंत गेले, तेनंच थांबवलं. मंग कागद पुढं केला, म्हणतो, आजी, घड्याळ काढा. मी म्हणलं, डॉक्टरसाब, ते तुमच्या भिंतीवर लटकलंय, तुम्हीच काढा, माझा हात पुरत न्हाई. मालक असे हसले — अन् हसता हसता डॉक्टरच्या तोंडाकडं बघायला लागले. डॉक्टर मला म्हणला, आजी, तुम्ही बाहेर बसून चहा घ्या. घेतला. मालक बाहेर आले तर तोंड वाळल्या भेंडीवानी. काय म्हणला डॉक्टर? तर म्हणे, मला सांगितलंय, डोकं चालतं ठेवा, न्हाईतर गंजून जाईल. रोज काईतरी नवीन करा, पण एकट्यानं करू नका, बायकोला संगं घ्या. मला बिचाऱ्यांची लई कीव आली.

अन् मंग काय! दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर मोरीत उभे, डाव्या हातानं दात घासायलेत, अर्धा फेस हनुवटीला. म्हणले, तू बी घास. मी कामून? तर म्हणे, जोडीनं केल्याबिगर गुण येत न्हाई. भाजीबाजार आमच्या घरापासनं हाकेवर, पण रोज वेगळ्या गल्लीनं जायचं — आख्खं उदगीर हिंडून भाजी आणायची, कोथिंबीर घरी येस्तोवर मान टाकायची. अन् रस्त्यानं दुकानाच्या पाट्या उलट्या वाचायच्या. 'किराणा' हाय तर 'णाराकि'. 'जनरल' हाय तर 'लरनज'. भर चौकात लोक बघायलेत, पोलीस बघायलाय, अन् आमचे मालक मोठ्यानं 'लरनज, लरनज'. शेजारची रत्नम्मा मला हळूच विचारती, मालकाला कुणी काई चारलंय का गं? मी म्हणलं, न्हाई बाई, डॉक्टरनंच सांगितलंय. तर ती म्हणती, कोण डॉक्टर? नाव सांग, आमच्या घरच्यांला तिथं न्यायचं न्हाई.

दुपारी रमी. मला आधी पत्ते हातात धरता येत न्हवते, अर्धे खाली पडायचे. आता माझा हात असा बसलाय की रत्नम्मा माझ्यासंगं खेळायला भेती. पण मालकासंगं खेळायची मजा न्हाई, कारण मालक हरतेत. रोज हरतेत. मी म्हणायची, डोक्याचा आजार हाय, हरणारच. पण एक दिवस मी बघते — हातात जोकर आला, अन् जोकर टाकून दिला! ज्या माणसानं जन्मात कुणाला मूठभर डाळ वर घातली न्हाई, तो हातातला जोकर फेकतो? मला लागावा म्हणून? अन् वर 'अरेच्चा! ध्यानातच न्हाई आलं!' म्हणून कपाळावर हात मारतेत, असा जोरात की कपाळाची विभूती तळहाताला. तेंचं विसरणं म्हंजे जत्रंतलं नाटक. 'अरेच्चा, चष्मा कुठं गेला?' — डोळ्यावर. 'अरेच्चा, आज वार कोणता गं? सांग बघू.' सांग बघू! आता विसरलेला माणूस 'सांग बघू' म्हणतो का? तो 'सांग' म्हणतो. मला तव्हाच वास आला.

अन् खरं कळलं ते असंच एका दुपारी. मी आत तांदूळ निवडायले होते, हे ओसरीवर सोमेशशी फोनवर. सोमेश आमचा पुण्याला असतो, सून वर्षाराणी बी तिथंच नोकरीला. ह्यांना फोनवर मोंढ्यातल्यावानी ओरडायची सवय, अन् वाटतंय की आपण लई हळू बोलायलो. म्हणले — न्हाई रे, गुरम्माला कळू देऊ नको. तिला मी माझंच सांगितलंय. डॉक्टरनं तिचंच नाव घेतलंय असं सांगितलं असतं तर तिनं हाय खाल्ली असती. आता बघ की, मला शिव्या घालत पत्ते पिसती.

आँ? — हाव. माझंच. डोकं ते माझंच होतं. बघ, सांगून बसले. सांगायचं न्हवतं मला. तुझं तोंडच असं हाय बाई, आपोआप निघतंय. कॉलेजात पोरं तुला सगळं खरं सांगत असतील.

आता सांगितलंच हाय तर ते बी ऐक. गंजगोलाईत मी रस्ता चुकले न्हवते. रस्ता चुकला तर माणूस विचारतो की, अमक्याचं दुकान कुठं हाय. मला काय विचारायचं तेच सापडंना. मी कुठली, कुणासंगं आले, हातातल्या ह्या बांगड्या कुणासाठी — सगळं पाटी पुसल्यावानी. बांगडीवाला विचारायलाय, अव्वा, कुण्या गावच्या तुम्ही? अन् मी गप. मालक आले, समोर उभे राहिले, तव्हा मी तेंच्याकडं बघितलं, अन् — जाऊ दे. कोण हाय म्हणून बघितलं. पाणी पिल्यावर आलं ध्यानात सगळं, पण तेवढं एक बघणं तेंना कळलं. म्हणून तेंनी कापड सोडलं.

मंग फोन ऐकून मी काय केलं म्हणतीस? काय करणार, तांदूळ निवडले. आधी लई राग आला. मंग रडू आलं. मंग रडायचं कशाला तेच कळंना, म्हणून पत्ते घेऊन ओसरीवर आले अन् म्हणलं, चला, तुमच्या औषधाची वेळ झाली. अन् तेच चालू ठेवलं. कामून? अगं, सांगून टाकलं असतं तर मी आजारी झाले असते की! आता आजारी ते हायत, अन् मी धडधाकट, तेंना दम देणारी. अन् दुसरं — हसणार न्हाईस ना? — ह्या माणसानं लग्नापासनं मला कव्हा विचारलं न्हवतं की गुरम्मा, तुला काय आवडतंय. माझं माहेर भालकीकडलं, लहानपणी सगळं कानडीत. लग्न करून इथं आले अन् ते सगळं आत राहून गेलं, बोलणार कुणासंगं? हे मोंढ्यापुरतं कानडी बोलायचे, घे-दे एवढंच. आता म्हणतेत, नवीन भाषा शिकली की डोकं उघडतंय, तू शिकव. चिमणीला काय म्हणता तुम्ही? गुब्बी. चांदणीला? चुक्की. लहानपणी काय खेळायचीस तू? कुणासंगं? ते बी कानडीतच सांग, कळलं न्हाई तर विचारतो. मी सांगते, हे गालाला हात लावून ऐकतेत. अन् आता कधीमधी मला गुब्बी म्हणायलेत. ह्या वयात! ही एवढी अंगानं मी, अन् गुब्बी! रत्नम्माच्या कानावर गेलं तर मला गाव सोडायची पाळी. — आता मला कळलंय हे तेंना कळलं, तर हे सगळं बंद न्हाई का पडणार? म्हणून मी गप.

तू कुठं उतरणार म्हणलीस? — लातूर. विचारलं होतं का मी? विचारलं होतं. बरं, विचारलं तर विचारलं, तुझं काय झिजलं.

न्हाई, माझं बरं हाय आता. मागल्या खेपंला डॉक्टर मालकाला म्हणला, मी दाराशीच होते — जिथल्या तिथं हाय, वाढलेलं न्हाई, तुमचं जे चाललंय ते चालू ठेवा. मालक बाहेर आले ते मला थेट हाटेलात घेऊन गेले, डोसा चारला. म्हणे, माझं डोकं सुधारलंय, त्याचा डोसा. मी म्हणलं, सुधारलंय तर जोकर टाकायचं बंद करा. तेंनी असं बघितलं माझ्याकडं — मी डोशात तोंड घातलं.

मंग आज कशाची फिकीर? — कोण म्हणलं फिकीर? मी म्हणले का? — तू लई बारीक बघतीस गं. तुझ्या त्या गोळ्या फोडून खरंच तेज झालीस.

हल्लीचीच गोष्ट हाय. सकाळी आम्ही किल्ल्यात जातो, उदागीरबाबाचं दर्शन होतं अन् पाय बी मोकळे होतेत. येताना दरवाजातनं बाहेर आलो, मी पुढं, हे मागं. मी माझ्याच नादात, म्हणलं, बोला, आज कुण्या गल्लीनं जायचं? वळून बघते तर हे उभे. मला वाटलं झालं नाटक सुरू, आता कपाळावर हात बसणार, आता 'अरेच्चा' होणार. मी वाट बघायले. 'अरेच्चा' आलंच न्हाई. दोन्ही हात खाली, नुसते लोंबायलेत. इकडच्या रस्त्याकडं बघितलं, तिकडच्या रस्त्याकडं बघितलं, अन् मंग माझ्याकडं. अन् ते बघणं — ते बघणं मला ठाऊक होतं गं. मी तसंच बघितलं होतं, बांगडीवाल्याच्या पायरीवरनं. खोटं विसरताना माणूस लई आवाज करतो बघ. खरं विसरताना गप होतो.

मी जर तिथं रडले असते, तर ह्या माणसानं काय करायचं? मी हात धरला. म्हणलं, आज नवीन खेळ. डोळे झाका, मी नेते तसं यायचं, मधी उघडले तर हरलात. अन् तेंनी झाकले. काय, कसं, काई विचारलं न्हाई, लेकरावानी झाकले. उदगिरात आमच्या वयाच्या कुण्या बायकोनं भर रस्त्यात नवऱ्याचा हात धरलाय? मी धरला. खड्डा आला की म्हणायचं खड्डा, गाय आली की म्हणायचं गाय. हात घामानं ओला — तेंचा का माझा, कोण जाणे. रत्नम्मा दारात सडा टाकायली होती, म्हणती, काय गं, वरात कुणीकडं निघाली? मी म्हणलं, डॉक्टरनं सांगितलंय. तिनं तोंडाला पदर लावला. उंबऱ्यापाशी आलो तसं म्हणले, उघडू का? उघडा. 'घर आलं?' आलं. 'मंग मी जिंकलो का?' — जिंकलात, म्हणलं. अन् मी मोरीत जाऊन नळ सोडून बसले, एक भांडं घासायचं न्हवतं तरी.

दुपारी हे रमीला बसले तर पुन्ना तेच — कपाळावर हात, टाकला जोकर. सकाळचं कशाचं नाव न्हाई. ध्यानातच न्हाई, का ध्यानात हाय अन् माझ्यापासनं लपवायलेत? तेच मला कळंना झालंय. विचारावं कसं? विचारलं तर सगळंच बाहेर येतंय, तेंचं बी, माझं बी. सोमेशला सांगितलं न्हाई. सांगितलं तर दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन दारात, घराला कुलूप, चला पुण्याला. पोरगं गुणाचं हाय गं, पण तिथं दहाव्या मजल्यावर बसून कोण्या गल्लीनं जायचं अन् कुणाची पाटी उलटी वाचायची? म्हणून आज ही तारीख. तेंना वाटतंय ते मला घेऊन निघालेत. अन् मी तेंना घेऊन निघाले. सकाळी पिशवी भरताना म्हणतेत कसे, गुरम्मा, भिऊ नको हं, मी हाय संगं. मी म्हणलं, मी कशाला भेऊ, डोकं तुमचं बिघडलंय. अन् दोघं बी हसलो.

आता डॉक्टर मला बाहेर पाठवणार, आजी चहा घ्या म्हणणार. आज मी उठणार न्हाई. म्हणणार, आज मालकाला चहा घेऊ द्या, मला तुमच्याशी बोलायचंय. एवढं ठरवलंय. पण मंग ते बाहेर एकटे, लातुरात, चहाची टपरी हुडकत —

लई वेळ झाला न्हाई का गं तेंना जाऊन? टपरी तर ही काय, जिन्याच्या पलीकडं. गर्दी आसंल. तुझे डोळे चांगले हायत, बघ बरं जरा. पांढरा सदरा. — कुठं? नळापाशी? हां. हां, तेच. दोन हातांत दोन कप. उभे कामून राहिलेत? कुणी ओळखीचं भेटलंय का? कुणीच न्हाई की बाजूला. — इकडं बघा की. इकडं. — न्हाई न्हाई, तू उठू नको, तू आणायला गेलीस तर तेंना कळंल. येतील. आपलंआपण येतील. — वळले. अगं, तिकडं कुठं चालले, तिकडं तर मालधक्का हाय, तिकडं काईच न्हाई. अहो! अहो, ओ! — बघ, 'अहो' म्हणलं तर साऱ्या टेशनाचे नवरे बघायलेत, माझाच बघंना. — महादेवप्पा! ओ महादेवप्पा! इकडं!

थांबले.

बघितलं.

यायलेत. — नाव घेतलं की गं मी, भर टेशनात, केवढ्यानं! लाज न्हाई, काई न्हाई. यायलेत बघ, अर्धा चहा सदऱ्यावर सांडलाय अन् हसायलेत कसे, जणू मीच हरवले होते अन् तेंना सापडले. — तू तिकडं तोंड कर. मी काई सांगितलं न्हाई, तू काई ऐकलं न्हाई. अन् डोळे पूस आधी, तुला काय झालं रडायला? सरक, सरक तिकडं.

या. बसा. — ही? कोण की बाई. गाडी कव्हा येती म्हणून विचारायली होती.